तलावाच्या पाळीवर फिरायला येताय? आधी घड्याळ गावाचं लावा

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न वाचला. डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी तुम्ही नागपूरहून गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या बाजूला येणार आहात. सोबत यजमान, दीर, ६६ वर्षांच्या सासूबाई आणि ८ व १२ वर्षांची मुलं. यजमानांना आणि दिरांना सायकल चालवायची आहे, सासूबाईंना सकाळचं चालणं चुकवायचं नाही, तुम्हाला पक्षी बघायचे आहेत. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, निघून कालव्याच्या रस्त्याला लागायचं आणि पांदणीने, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेने, गावात उतरायचं, असा बेत. अंतर किती ठेवावं, सायकल कोणती आणावी आणि वाघाची भीती किती, हे तुम्ही विचारलंय. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की मागे एका ठिकाणी ट्रॅक्टरवाल्याशी बाचाबाची झाली, गुरं अंगावर आली, मुलं घाबरली आणि सगळा दिवस नासला.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. अंतर आणि सायकल या गोष्टी पाच मिनिटांत सांगता येतात. पण एकाच अरुंद वाटेवर चालणारे, सायकलवाले, गुरं, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर एकमेकांना कसे पार करतात, हे कळलं नाही तर उत्तम सायकल आणूनही तुमचा दिवस तसाच जाईल. मी या भागात बरीच वर्षं लोकांना पायी आणि सायकलवर फिरवतोय. पाहुण्यांचा दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या वेळी चुकीच्या वाटेवर असल्यामुळे.

या वाटा मुळात फिरण्यासाठी झालेल्या नाहीत. पाळ पाणी अडवायला घातली, कालव्याकाठचा रस्ता देखभालीसाठी केला, पांदण शेतात जायला ठेवली. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर जुने तलाव आहेत. कोहळी समाजाने धान पिकवण्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या बांधले, आणि नवेगावचा तलावसुद्धा कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं इकडे घरोघरी सांगतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची सारावसुलीची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांना माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव हे नाव पडलं. पण पाणी, चराई, मासे आणि येण्याजाण्याची वाट यांवरचे गावाचे हक्क निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या वहिवाटीच्या सरकारी दप्तरांत नोंदलेले आहेत, आणि लोक ते आजही रोज वापरतात. म्हणून त्या वाटेवर आपण पाहुणे. एवढं धरून आलात की पुढचं सगळं सोपं होतं, कारण इथली माणसं पाहुण्याला वाट देतात. हॉर्न आणि घंटी वाजवून मागणाऱ्याला देत नाहीत.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधीच सांगतो. यंदाचा पाऊस कधी थांबला, भारी म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाची कापणी उरकली की नाही, कालव्याला पाणी सोडलंय का, जवळच्या जंगलात कोणत्या जनावराचा वावर आहे, आणि त्या आठवड्यात गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आहे का. या पाच गोष्टी नागपुरात बसून कळत नाहीत. जिथे मुक्काम करणार त्या घरी किंवा लॉजवर दोन दिवस आधी फोन करून नेमक्या याच विचारा. नकाशावर रस्ता दिसतो, पण त्यावर धानाचे भारे पडलेत का ते दिसत नाही.

वेळेचं गणित असं आहे. डिसेंबरात इकडे साडेसहा-पावणेसातला उजाडतं आणि साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत पाळीवर फारसं कोणी नसतं. जाळी काढायला आलेले ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे, बांधव पाण्यात असतात, एखादा म्हातारा शेकोटीशी बसलेला असतो. पाण्यावरचं धुकं उठत असतं आणि बदकं काठाजवळ असतात. हा वेळ सासूबाईंचा आणि तुमचा. साडेआठनंतर दूध काढून झालं की गुरं निघतात, बाया धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, बांध्यांकडे म्हणजे धानाच्या शेतांकडे जातात, धान चुरायची म्हणजे मळणीची मशीन घेऊन ट्रॅक्टर येतात. तासभर हा लोंढा चालतो, आणि नेमक्या त्याच वेळी शहरातली मंडळी नाश्ता आटोपून सायकली काढतात. तुमच्या मागच्या भांडणाचं कारण बहुधा हेच असावं. दहाच्या पुढे गुरं रानात पांगतात, माणसं शेतात गुंततात, रस्ता मोकळा होतो. मग साडेबारापर्यंत सायकलवाल्यांनी कालव्याचा रस्ता खुशाल घ्यावा. दुपारी जेवण आणि आराम. तीन ते सव्वाचार मुलांचा वेळ. साडेचारपासून गुरं परतू लागतात, आणि परतणारं जनावर सकाळच्यापेक्षा घाईत असतं, कारण घरी वासरू बांधलेलं असतं. त्या वेळी पांदणीत अजिबात नको. पाच वाजता सगळे मुक्कामी.

सगळ्यांनी एकत्र निघायचं हा हट्ट मात्र सोडा. त्यात सायकलवाला कंटाळतो, म्हातारं माणूस धापा टाकतं आणि मुलं दोघांच्या मध्ये रस्ताभर पसरतात. मी गट फोडतो आणि भेटीच्या जागा ठरवतो. तलावाची सलंग, म्हणजे जादा पाणी जिथून वाहून जातं ती जागा, ही एक. कालव्यावरचा पहिला पूल ही दुसरी. गावाच्या तोंडावरचं मारुतीचं देऊळ किंवा शाळा ही तिसरी. प्रत्येक ठिकाणी कोणी किती वाजेपर्यंत थांबायचं ते आदल्या रात्री बोलून ठेवायचं, कारण अनेक जागी मोबाइलला रेंज नसते. सासूबाईंना पाळीवर जाऊन-येऊन ३ ते ४ किलोमीटर पुरे. पक्षी बघत चाललात तर तेवढ्याला दोन तास सहज लागतात. मुलांना सपाट रस्त्यावर सायकलने ६ ते ८. दोघा पुरुषांना २० ते २५, आणि रोज सायकल चालवणारे असतील तर त्याहून जास्त. सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. दुखणं असेल तर पाळीवर चढायची-उतरायची जागा बघून घ्या. मधली वाट सपाट असते, त्रास देतो तो दोन्ही टोकांचा उतार. काठी जरूर द्या.

गुरं समोर आली की काय करायचं, हे मुलांना निघण्याआधी घरीच शिकवा. सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि गुरांच्या मध्ये धरायची आणि उभं राहायचं. उभं कुठे राहायचं तेही ठरलेलं आहे. पाळीवर पाण्याच्या बाजूला कधीच नाही, शेताच्या उताराकडे. म्हैस पाण्याकडे वळते तेव्हा मध्ये कोण आहे ते पाहत नाही. तुम्ही तिच्या आणि पाण्याच्या मध्ये नसाल तर ती तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. वासरू आणि गाय यांच्या मध्येही शिरायचं नाही. गुराखी जे सांगेल ते ऐकायचं, त्याला आपल्या प्रत्येक जनावराचा स्वभाव माहीत असतो. बैलगाडीच्या मागून येत असाल तर घंटी वाजवू नका, बैल बुजतात. वीस-पंचवीस पावलांवरूनच ‘राम राम भाऊ’ म्हणून आवाज द्या. गाडीवान जागा बघून गाडी बाजूला घेतो, नाहीतर हाताने थांबायची खूण करतो. भारे लादलेल्या ट्रॅक्टरला चालवणाऱ्याला बाजूचं काही दिसत नाही आणि मऊ कडेला चाक गेलं तर ट्रॉली उलटते. म्हणून तिथे कडेला उतरायचं ते आपण, त्याने नव्हे. त्यात कमीपणा मानू नका. त्याच्या ट्रॉलीवर घराचं वर्षभराचं धान असतं.

या वाटेवर मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कालव्याच्या पाण्याची, वाघाची नाही. सिमेंटचं अस्तर असलेल्या कालव्याचे काठ तिरपे आणि शेवाळलेले असतात. पाणी कमरेइतकं दिसलं तरी आत घसरलेल्या माणसाला बाहेर यायला धरायला काही मिळत नाही, आणि ओढ वरून दिसते त्याहून जोरात असते. रब्बीसाठी किंवा उन्हाळी धानासाठी पाणी सोडलेलं असेल तर मुलांच्या सायकली कालव्याकाठी नेऊच नका, त्या दिवशी गावाच्या डांबरी जोडरस्त्यावर फिरवा. कालवा कोरडा असला तरी मुलं मोठ्यांच्या आत आणि कालव्यापासून लांबच्या बाजूने. सलंगीवर पातळ पाणी वाहत असेल तर सायकल हातात धरून ओलांडा, तिथलं शेवाळ बुटालाही दाद देत नाही. तलावात पाय सोडून बसायचं असेल तर गावकरी जिथे धुणं धुतात त्या घाटावर बसा. बाकीच्या काठाला गाळ किती खोल आहे ते नव्या माणसाला समजत नाही, आणि जिथे मातीसाठी खोदलेलं असतं तिथे काठापासून दोन पावलांवर एकदम डोह लागतो.

सायकलचं थोडक्यात सांगतो. गिअर असले-नसले तरी चालेल, मुलूख सपाट आहे. टायर मात्र रुंद हवा. रेसिंगची बारीक टायरची सायकल आणू नका. बाभळीचे काटे भरपूर, म्हणून जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप सोबत ठेवा. टायरमध्ये पंक्चर भरणारं द्रव घालून आणलंत तर उत्तम. पाऊस पडून गेला असेल तर कन्हार म्हणजे काळ्या चिकट मातीच्या पांदणीत पाऊलही टाकू नका. ती माती चाकात आणि ब्रेकमध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरमाचा रस्ता मात्र दुसऱ्या दिवशीच चालतो. सुकलेल्या पांदणीत गाडीच्या चाकोऱ्या वीटेसारख्या टणक होतात. पुढचं चाक त्यात अडकलं की माणूस तोंडावर पडतो, म्हणून मधल्या उंचवट्यावरून चालवा, नाहीतर उतरून चाला. गावातून जाताना कुत्री मागे लागली तर पळवू नका. उतरा, सायकल हातात घेऊन चालत जा. बहुतेक कुत्री तिथेच थांबतात.

वाघाचं. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि आसपासच्या शेतशिवारात बिबट्या, अस्वल, कधी वाघही येतो. अभयारण्याच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय पायी किंवा सायकलने जाणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे गेटवरून रीतसर सफारीनेच जा. मी बोलतोय ते गावाच्या बाजूच्या तलावांबद्दल. तिथे उजाडल्यानंतर निघावं, अंधाराआधी परतावं, मुलं पुढे पळू नयेत आणि एकट्याने झुडपाआड जाऊन बसू नये. खाली वाकलेलं किंवा उकिडवं बसलेलं माणूस जनावराला माणसासारखं दिसत नाही. मोहफुलं आणि तेंदूपानं वेचणाऱ्यांवर उन्हाळ्यात हल्ले होतात त्यामागे हे एक कारण आहे. अस्वल वाघापेक्षा अचानक भेटतं, म्हणून दाट झाडीजवळ आपसात बोलत चाला. २०२१ साली गडचिरोलीत उतरलेला रानटी हत्तींचा कळप पुढे आमच्या तालुक्यातही फिरून गेला. हत्ती जवळपास असले की वन विभाग गावागावात सूचना देतो. सकाळी चहाच्या टपरीवर विचारायचं, ‘आज कोणत्या बाजूला जाऊ नये?’ नुसतं ‘जाऊ का?’ असं विचारलं तर लोक भिडेखातर ‘जा ना’ म्हणतात.

वाघाची चौकशी सगळे करतात, पण तारेची कोणी करत नाही. रानडुकरांपासून पीक राखायला शेताभोवती तार ओढलेली असते. काही ठिकाणी झटका मशीन असते, काही ठिकाणी लोक बेकायदा थेट वीज सोडतात आणि त्यात माणसं गेलेली आहेत. कोणत्याही तारेला हात लावायचा नाही, सायकल टेकवायची नाही, जवळचा रस्ता म्हणून शेतातून घुसायचं नाही. मोठ्या झाडावर किंवा पुलाखाली आग्या मोहोळ दिसलं तर तिथे डबा उघडू नका, धूर करू नका, मुलांना दगड मारू देऊ नका. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ लांब पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पायात मोजे. सकाळी चांगलीच थंडी असते, अकरानंतर ऊन चटकतं, म्हणून एकावर एक घाला. गवतात सतरंजी न अंथरता लोळू नका. पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस होतो, आणि २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. परत गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोणाला जोराचा ताप आला, अंगावर सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ‘आम्ही शेतात-गवतात फिरून आलो’ हे आपणहून सांगा. वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो. उशीर झाला तर जिवावर बेततं. साप चावला तर बांधाबांध, चिरणं काही करू नका. पाय हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. त्याचा रस्ता आदल्या दिवशीच माहीत करून घ्या.

आता तुमच्या पक्ष्यांबद्दल, आणि हे मला मनापासून लिहायचंय. डिसेंबरात पाहुणी बदकं आलेली असतात. चक्रवाक, लालसरी, तलवार बदक दिसतील, नशीब असेल तर पट्टकादंब हंसही. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी आणि हळदीकुंकू बदक तर इथलेच रहिवासी. महाराष्ट्रात सारस नियमित दिसतो तो आता गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतीत, तोही थोडाच उरलाय. जवळपास माणसाएवढा उंच पक्षी जोडीने बांधीत उतरलेला पाहिला की मुलं आपोआप गप्प होतात. तो टिकला आहे तो शेतकऱ्यांमुळे, पावसाळ्यात शेतात घरटं केलं की ते राखणारे शेतकरी इथे आहेत. म्हणून सारस दिसला तर वाटेवरूनच दुर्बिणीने बघा. फोटोसाठी बांधीत उतरू नका, ड्रोन आणूच नका, आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. धान कापलेली बांधी रिकामी दिसली तरी आत लाखोळी हे कडधान्य उगवलेलं असतं, ते तुडवलं जातं. सकाळचं ऊन पाठीशी येईल अशा बाजूने पाळीवर चढलात तर पाण्यावरचे पक्षी नीट दिसतील. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलात तर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार हे लोकनाट्य किंवा झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक असतं. तुमच्या शनिवारी एखाद्या गावची मंडई आली तर सायकलचा बेत रविवारवर ढकला आणि मंडईला जा. वाटेवर गर्दी असेल ती बायामुलांची, नवे कपडे घातलेल्या पोरांची. मुलांना ती जन्मभर आठवेल. नाटक मात्र पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी उजाडताना पाळीवर जायचं असेल तर अर्ध्यातून उठावं लागेल.

जेवणाचं आधी सांगून ठेवा. खेड्यात हॉटेल नसतं, पण घरी सांगितलं तर तांदळाचे आयते म्हणजे धिरडी, झुणका, वाल-पोपटाची भाजी, हवे असतील तर तलावातले ताजे मासे मिळतात. ठरलेले पैसे द्या, ‘राहू द्या’ म्हटलं तरी द्या. पिण्याचं पाणी सकाळीच माणशी दोन लिटर भरून घ्या. स्वच्छतागृहाचा प्रश्न बायकांसाठी खरा आहे आणि कोणी आधी बोलत नाही. पाळीवर निघण्यापूर्वी मुक्कामी, मग थेट गावात. शाळा किंवा ग्रामपंचायत शनिवारी दुपारी बंद असू शकते, म्हणून वाटेतल्या गावात एक ओळखीचं घर ठरवून ठेवा. तुमच्या मुक्कामाचे मालक ते सहज ठरवून देतील. खाऊचं प्लास्टिक पिशवीत भरून परत न्या, इथली गुरं ते खातात आणि मरतात.

तेव्हा शनिवार साधारण असा धरा. पावणेसातला तुम्ही आणि सासूबाई पाळीवर, आठ-सव्वाआठला सलंगीपाशी चहा, साडेनऊपर्यंत मुक्कामी नाश्ता. दहाला दोघं सायकलवाले कालव्याच्या रस्त्याने, साडेबाराला देवळापाशी भेट. तीनला मुलं. पाचला सगळे घरी. रविवारी मुलांना पाळीवर न्यायचं असेल तर आदल्या रात्री लवकर झोपवा.

मुक्काम नक्की कोणत्या गावी आहे आणि सासूबाईंना गुडघ्याचा किंवा बीपीचा त्रास आहे का, एवढं लिहा. त्यावरून पाळीवर कोणत्या टोकाने चढावं आणि गाडी कुठे उभी करावी ते सांगतो. पाळीच्या तोंडाशी मात्र उभी करू नका, तिथूनच धानाच्या गाड्या वळतात.